गाळाचं विरजण

आज आम्ही तुमच्याशी घाण पाण्याबद्दल बोलणार आहोत. संडासाचं पाणी, न्हाणीचं पाणी, कारखान्याचं पाणी. विषय ऐकून नाकाला पदर लावू नका. मागच्या वर्षी या पाण्याने आमच्या गटाला चांगलाच धडा दिला आणि तो समजून घेता घेता दीडशे वर्षांचा इतिहास आमच्यासमोर उलगडला. तो तुम्हाला सांगावा म्हणून आज आलो आहोत.

आमचा गट अकरा जणींचा. बँकेचं कर्ज काढून आम्ही फिनाईल बनवायला लागलो. तयार द्रावण आणायचं, पाण्यात कालवायचं, बाटल्या भरायच्या, चिकटपट्टी लावायची. दुकानदार उधारीवर घेतात आणि महिनोन्महिने पैसे देत नाहीत, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणून जवळच्या एका वसतिगृहाचं काम मिळालं तेव्हा आम्हाला मोठा आधार वाटला. फिनाईल आमचं आणि संडास धुवायचं कामही आमच्याच दोघींचं. पैसे रोख. काम चांगलं दिसावं म्हणून आमच्या बाया रोज सकाळी प्रत्येक भांड्यात भरपूर फिनाईल ओतायच्या. डाग निघत नसले की वर अॅसिड.

चार-पाच महिन्यांनी तिथल्या टाकीचा वास सुटला. आम्ही फिनाईल वाढवलं. वास आणखी वाढला. आम्ही आणखी वाढवलं. शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर टाकी भरून पाणी अंगणात आलं आणि मुलींना दोन दिवस घरी पाठवावं लागलं. टाकी उपसायला गाडी घेऊन एक वयस्क मामा आले. झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं, कोपऱ्यातले आमचे रिकामे कॅन पाहिले आणि म्हणाले, "ताई, ही टाकी मेलीय."

आमच्या खजिनदार काकू म्हणाल्या, "सिमेंटची टाकी कशी मरंल, मामा?"

"सिमेंट नाही हो मेलं. आतले जीव मेले. मैला खाणारे. तुम्ही रोज त्यांच्यावर औषध मारताय."

आम्ही गप्प झालो. खरं सांगायचं तर पटलंही नाही. जंतू म्हणजे रोग, आणि जंतू मारायचे म्हणूनच तर लोक आमचं फिनाईल घेतात. मग मैला खाणारे जंतू ही काय भानगड? तेव्हापासून आम्ही वाचायला, विचारायला लागलो. जे कळलं ते असं.

दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हे माहीत नव्हतं. घाण पाणी जमिनीत मुरलं की स्वच्छ होतं, एवढं सगळ्यांनाच दिसत होतं. पण ते कोण करतं? बहुतेकांना वाटायचं, माती आणि हवा मिळून ते करतात. लोखंडाला जसा आपोआप गंज चढतो, तशीच घाणही आपोआप जळून जाते, असा समज.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्यूंत्झ या दोघांनी एक साधा प्रयोग केला. एक मीटर लांबीची काचेची नळी घेतली. तीत वाळू आणि चुनखडीची भुकटी भरली. वरून रोज थोडं थोडं सांडपाणी सोडलं. ते खालपर्यंत झिरपायला आठ दिवस लागायचे. पहिले वीस दिवस काहीच घडलं नाही. पाण्यात जेवढा अमोनिया वरून जाई, तेवढाच खाली येई. मग अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. आपण शेतात युरिया टाकतो, त्याचंही जमिनीत शेवटी नायट्रेटच होतं आणि पीक ते उचलतं. म्हणजे नाकात जाणारी घाण पिकाच्या कामाची झाली.

आता यातली खूण बघा. हे काम नुसत्या वाळूचं असतं तर पहिल्याच दिवशी सुरू झालं असतं. वीस दिवस वाट बघावी लागली, कारण आत कुणीतरी हळूहळू वाढत होतं. खात्री करायला त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडलं. क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावरही बंदच राहिलं. मग त्यांनी मातीचं थोडं गढूळ पाणी वरून घातलं. काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झालं. म्हणजे हे जिवंत प्राण्यांचं काम होतं. औषधाने ते मरत होते आणि चिमूटभर मातीने पुन्हा येत होते.

हे वाचताना आम्ही एकमेकींकडे बघितलं. वसतिगृहाच्या टाकीत आम्ही हाच प्रयोग केला होता, फक्त अर्धाच. औषध घातलं होतं, माती घातली नव्हती.

या इतिहासात आपल्यासारखीच एक धडपडी बाई आहे, तिचं नाव लक्षात ठेवा. एलेन स्वॅलो रिचर्ड्स. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेत १८७० साली प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री. तिच्याकडून फी घेतली नाही. तिला वाटलं, आपली गरिबी बघून सवलत दिली. पुढे कळलं की कुणी हरकत घेतली तर 'ही आमची विद्यार्थिनीच नाही' असं म्हणता यावं, म्हणून ती सोय होती. तरी तिने १८७३ मध्ये पदवी मिळवली. १८८७ मध्ये त्या राज्याच्या आरोग्य मंडळाने नद्या, विहिरी, तलावांच्या पाण्याची मोठी तपासणी सुरू केली, तेव्हा प्रयोगशाळेचा भार तिच्यावर होता. हजारो नमुने तिच्या हाताखालून गेले. कुठल्या गावच्या पाण्यात नेहमीपेक्षा जास्त क्षार आहेत हे नकाशावर मांडून, मैल्याचं पाणी कुठे मिसळतंय ते तिने दाखवून दिलं. त्याच वर्षी लॉरेन्स या गिरणीगावात सांडपाण्यावरचं प्रयोग केंद्र निघालं. १८९० मध्ये एडविन जॉर्डन या तरुण सहकाऱ्याबरोबर तिने अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरातली चूल, पाणी, मोरी हासुद्धा शास्त्राचा विषय आहे, हे तिने आयुष्यभर सांगितलं.

आता आपल्याकडे या. हे जिवाणू दोन जातीचे असतात असं समजा. काहींना हवा लागते. काही हवा नसलेल्या, बंद जागी काम करतात. गोबरगॅसच्या टाकीत शेण कुजून गॅस तयार होतो, तो दुसऱ्या जातीमुळे. घरच्या सेप्टिक टँकमध्येही तेच असतात. १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्झिटर गावी डोनाल्ड कॅमेरॉन या नगर अभियंत्याने अशी बंद टाकी बांधली, तिला सेप्टिक टँक हे नाव दिलं आणि तीतला गॅस जाळून तिथले दिवे लावले. त्याच काळात, १८९७ साली, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहातही मैल्याच्या टाकीतून निघणारा गॅस गोळा करून कामाला लावला गेला. हे आश्रयगृह १८९० मध्ये अॅक्वर्थ या मुंबईच्या पालिका आयुक्ताने सुरू केलं होतं. मराठी पोवाडे गोळा करून छापणारे अॅक्वर्थसाहेब ते हेच. ज्या माणसांना समाजाने गावाबाहेर काढलं, त्यांच्या वस्तीत आपल्याकडच्या गोबरगॅसचं मूळ सापडतं.

पण आमचा प्रश्न वेगळा होता. मैला, शेण, खरकटं हे जिवाणूंचं खाणं आहे, हे समजलं. रसायनांचं काय? फिनाईल, साबण, रंग, कारखान्याचं पाणी हेही ते खातात का?

याची गोष्ट मँचेस्टरची आहे. इंग्लंडमधलं हे कापडगिरण्यांचं शहर. रंगाऱ्यांचे कारखाने, धुलाईचे कारखाने, आणि त्या काळी दिव्यांसाठी कोळशापासून गॅस बनवणारे कारखाने. कोळसा तापवला की गॅस निघायचा आणि मागे डांबर व घाण पाणी उरायचं. त्या पाण्यात फिनॉल असायचं. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक अॅसिड. कार्बोलिक साबणाचा वास आठवतो का? तोच. काळं फिनाईलही अशाच डांबरी तेलांपासून बनतं.

या फिनॉलची कहाणी गमतीची आहे. कार्लाइल नावाच्या गावी मैल्याचा वास मारायला कार्बोलिक अॅसिड वापरत. ते जोसेफ लिस्टर या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या कानावर गेलं. १८६५ मध्ये त्याने ते जखमेवर वापरून पाहिलं. जखमा सडायच्या थांबल्या आणि हजारो लोकांचे जीव वाचले. म्हणजे जंतू मारणारं औषध म्हणून फिनॉलची ख्याती झाली ती सांडपाण्यावरूनच. आणि पुढे कारखान्यांमधून तेच फिनॉल गटारात यायला लागलं, तेव्हा पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंनाच धोका झाला.

मँचेस्टरच्या डेव्हीह्यूम इथल्या सांडपाणी केंद्राशी संबंधित गिल्बर्ट फाउलर आणि त्याचे सहकारी एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी १९१० च्या सुमारास याचा अभ्यास केला. दगडगोट्यांच्या थरावरून सांडपाणी सोडायची तेव्हा पद्धत होती. त्या दगडांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. त्यांना असं आढळलं की त्यातले काही जिवाणू चक्क फिनॉल खातात. इतरांना मारणारं विष यांचं अन्न. त्यांनी असे जिवाणू वेगळे काढून वाढवले आणि ते फिनॉल मोडतात हे दाखवून दिलं.

मात्र याला दोन अटी आहेत, त्या नीट ऐका. एक, विष थोडं थोडं यायला हवं. सासरी आलेल्या मुलीला तिथलं तिखट हळूहळू पचायला लागतं, पहिल्याच दिवशी ठेचा वाढला तर पोटात आग पडते, तसंच हे. रोज थोडं फिनॉल येत राहिलं की ते खाणाऱ्यांची वस्ती वाढते. एकदम कॅनच्या कॅन आलं की तेही मरतात. आणि दुसरी अट, त्यांची वस्ती जागेवर टिकायला हवी. ती दर वेळी धुऊन काढली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसऱ्या अटीतूनच पुढचा मोठा शोध लागला. १९१२ मध्ये फाउलर अमेरिकेला गेला. तिथे लॉरेन्सच्या प्रयोग केंद्रात, ज्याचा आत्ताच उल्लेख केला तिथे, बाटल्यांत सांडपाणी भरून त्यात हवा सोडण्याचे प्रयोग चालले होते. परत आल्यावर त्याने आर्डर्न आणि लॉकेटला तसं करून बघायला सांगितलं. या दोघांनी मँचेस्टरचं सांडपाणी बाटल्यांत भरलं आणि त्यात हवा सोडत राहिले. पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. पाच आठवडे! शहराचं पाणी इतके दिवस साठवणार कुठे?

इथे त्यांनी एक साधी गोष्ट केली. बाटलीतलं वरचं निवळ पाणी ओतलं आणि तळाचा तपकिरी गाळ टाकून न देता तसाच ठेवला. त्यावर नवं सांडपाणी भरलं, पुन्हा हवा सोडली. या वेळी कमी दिवस लागले. पुन्हा गाळ ठेवला. आणखी कमी. असं करत करत गाळ वाढला आणि पाच आठवड्यांचं काम चोवीस तासांच्या आत व्हायला लागलं. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये रसायन उद्योगाच्या संस्थेच्या सभेत त्यांनी हा निबंध वाचला. १९१६ पर्यंत इंग्लंडमधल्या वूस्टर शहरात या पद्धतीचं मोठं केंद्र उभं राहिलं. आज जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांचं सांडपाणी याच पद्धतीने किंवा तिच्या एखाद्या सुधारलेल्या रूपाने शुद्ध होतं.

आमच्या गटात ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या सभासद, त्यांना आम्ही आक्का म्हणतो, हसल्याच. म्हणाल्या, "अगं, हे तर विरजण! कालचं दही वाटीभर ठेवल्याबिगर आजचं लागतंय का? त्याला इतकं शिकायला लागलं होय?"

आक्कांचं अगदी बरोबर आहे. तो गाळ म्हणजे विरजण. फरक एवढाच की त्या साहेबांच्या आधी घाण पाण्याच्या गाळाला घाणच म्हणायचे आणि जमेल तितक्या लवकर फेकून द्यायचे. त्या घाणीतच काम करणारे जीव आहेत, हे ओळखायला माणसाला १९१४ साल उजाडावं लागलं.

याचा एक धागा आपल्या देशातही येतो. तो फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आला. तिथला जीवरसायनशास्त्राचा विभाग १९२१ मध्ये त्याच्याच हाताने सुरू झाला. सांडपाण्याच्या गाळातलं नत्र वाया न घालवता शेताला कसं मिळेल, हा त्याचा आवडता विषय. पुढे १९३३ मध्ये याच संस्थेत मुंबईची एक मराठी मुलगी शिकायला गेली, कमला भागवत, म्हणजेच कमलाबाई सोहोनी. मुलगी आहे म्हणून आधी प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, तेव्हा अटी घालून घेतलं. त्याच विभागात त्यांनी डाळी आणि दुधातल्या प्रथिनांवर काम केलं. एलेनबाईंची फी आणि कमलाबाईंच्या अटी, दोन्हीकडे तऱ्हा एकच.

आता कपड्याच्या पावडरीकडे येऊ, कारण आपल्यातले बरेच गट तीही बनवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत साबणाच्या वड्या मागे पडल्या आणि पेट्रोलियमपासून बनवलेली धुण्याची पावडर आली. कपडे छान निघायचे. पण १९५० नंतरच्या वर्षांत नद्यांवर फेसाचे डोंगर दिसू लागले. सांडपाणी केंद्रांच्या टाक्यांवरून फेस उडून रस्त्यावर यायचा. कारण काय, तर त्या पावडरीतला मुख्य घटक जिवाणूंना खाता येत नव्हता. त्याच्या रेणूची शेपटी फांद्याफांद्यांची होती. जिवाणू शेपटीच्या टोकापासून कुरतडत येतात. बाभळीची काटेरी फांदी शेळीला जशी अडते, तसे ते फांदीपाशी अडायचे. रसायनशास्त्रज्ञांनी मग सरळ शेपटीचं रसायन बनवलं. धुणं तसंच चांगलं, पण हे रसायन जिवाणूंना खाता येतं. १९६१ मध्ये जर्मनीने कायदा केला की जिवाणूंना मोडता येईल असंच रसायन पावडरीत वापरायचं. १९६५ पर्यंत अमेरिकेतले कारखानेही सरळ शेपटीकडे वळले. फेसाचे डोंगर पुष्कळच ओसरले.

आम्हाला यात मोठी गोष्ट दिसते. जिवाणूंना पचत नाही म्हटल्यावर तिथे फक्त शुद्धीकरण केंद्राला दोष दिला नाही. पावडर बनवणाऱ्यानेच आपला माल बदलला. म्हणजे माल बनवणाऱ्याची जबाबदारी बाटली विकली की संपत नाही. ती मोरीतून खाली जाते आणि ओढ्यापर्यंत पोचते.

आणि जिवाणूंची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर "सगळं जंतू खाऊन टाकतात" म्हणत कुणीही काहीही ओढ्यात सोडेल. जिवाणू रेणू तोडतात. मोठी साखळी तोडून तिचं पाणी आणि कार्बन डायॉक्साइड करतात. पण धातू तोडता येत नाही. चामड्याच्या कारखान्यातलं क्रोमियम, बॅटरीतलं शिसं, पारा, हे जिवाणूंच्या पोटात गेलं तरी नष्ट होत नाही. ते गाळात साठतं, आणि तोच गाळ शेतात टाकला तर जमिनीत जातं. काही रंग आणि कीटकनाशकंही सहज मोडत नाहीत. म्हणून कारखान्याने आपलं पाणी आपल्या आवारातच आधी शुद्ध करायचं असतं. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाविरुद्धचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला, १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं आणि १९७४ मध्ये देशाचा कायदा आला. ओढ्याच्या पाण्याला रंग आला, मासे तरंगले, तर ग्रामसभेत लेखी ठराव करून मंडळाकडे तक्रार करायचा आपल्याला हक्क आहे. तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. रात्रीत एकदम सोडलेलं पाणी शुद्धीकरणाच्या टाकीतल्या जिवाणूंनाही मारतं, हे आता तुम्हाला माहीत आहे.

आता आमच्या टाकीचं काय झालं ते सांगतो. मामांनी टाकी उपसली, पण सगळी कोरडी केली नाही. तळाशी बोट-दोन बोटं गाळ ठेवला. आम्ही विचारलं तर म्हणाले, "ते राहू द्या, बी हाय ते." नंतर आम्हाला कळलं की सेप्टिक टँकच्या सरकारी मानकातही हेच सांगितलं आहे, की उपसताना तळाशी थोडा जुना गाळ बियाण्यासारखा ठेवावा. नव्या टाकीत चांगल्या चालणाऱ्या टाकीतला गाळ किंवा कुजलेलं शेण घालावं, असंही त्यात आहे. आमच्या टाकीत औषधाचा मार फार झाला होता, म्हणून आम्ही गोबरगॅसच्या टाकीतली दोन बादल्या मळी आणून वरून ओतली. टाकीत कुणालाही उतरवलं नाही. आत विषारी वायू असतो, माणूस जागच्या जागी जातो. आणि माणसाला मैल्यात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

खरी अडचण मात्र पुढे आली. गटाची बैठक झाली. वापर कमी करायचा म्हणजे आमचीच विक्री कमी. खजिनदार काकू म्हणाल्या, "दुकानदार कधी गिऱ्हाइकाला म्हणतो का, की माझं सामान कमी घ्या? कर्जाचा हप्ता कोण भरणार?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या घरची पाठीमागची सगळी अडचण आम्हाला ठाऊक आहे. दोन बैठका भांडणात गेल्या. तिसऱ्या बैठकीत आक्का एवढंच म्हणाल्या, "दह्यात कुणी औषध घालतं का? मग विचारता काय?"

शेवटी असं ठरलं. फिनाईल फरशी पुसायला, बादलीभर पाण्यात झाकणभर. संडासाच्या भांड्यात रोज ओतायचं नाही. भांडं ब्रशने घासायचं, साध्या साबणाच्या पाण्याने धुवायचं. अॅसिड बंद. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करायचं नाही, त्यातून जीव घेणारा वायू निघतो. आणि हे सगळं आमच्या बाटलीच्या चिठ्ठीवर आम्हीच छापायचं.

वसतिगृहाची मागणी निम्म्यावर आली. त्या वर्षी दिवाळीला गटाने नफा वाटला नाही. काकू बरेच दिवस आमच्याशी नीट बोलत नव्हत्या. पण दोन-अडीच महिन्यांत टाकीचा वास कमी झाला. आता मुली खिडक्या उघड्या ठेवून अभ्यासाला बसतात. धुण्याचं काम आमच्याकडेच राहिलं. शेजारच्या दोन शाळांनीही, चिठ्ठी वाचून, आमच्याकडूनच माल घ्यायला सुरुवात केली आहे. तोटा अजून पुरता भरून निघालेला नाही, हे लपवत नाही. हप्ता मात्र चुकलेला नाही.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. आपल्या घरच्या, शाळेच्या, अंगणवाडीच्या टाकीत रोज काय काय जातं ते बघा. फिनाईल, अॅसिड, उरलेलं कीटकनाशक, रंगाचे डबे धुतलेलं पाणी, गोळ्या-औषधं. यातलं काय थांबवता येईल ते पुढच्या बचतगटाच्या बैठकीत बोला. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा मोरीत धुऊ नका. टाकी उपसणाऱ्याला तळाचं बी ठेवायला सांगा.

आणि रात्री दुधाला विरजण लावाल, तेव्हा त्या मँचेस्टरच्या बाटलीची आठवण काढा. कालचं थोडं जपून ठेवलं, म्हणूनच उद्याचं लागतं.